एका दिवसात दोनदा चढलेला घाट

ये इकडं. तिथं दूर उभी राहून दात काढू नकोस, जवळ सरक. मी हे वहीत लिहून राहिलेय खरं, पण तू वाचशील तेव्हा माझ्या मांडीला मांडी लावून बसलीस असंच समजून वाच. आधी मला तुला रागवायचंय. रागावणं झालं की मग गोष्ट.

तुझा फोटो आला. डोक्यावर ते टोपरं, हातात नाडी मोजणारं घड्याळ, मागं पंधरा-वीस पोरंपोरी, सगळ्यांच्या सायकली सारख्याच चकचकीत. नांदेडहून लातूरला सायकलवर निघालात. बरं वाटलं बाई, खोटं का सांगू. पण मग तू खाली लिहिलंस, "आत्याआजी, काय चढ होता! तुला नाही कळायचं." नाही कळायचं? मला? आणि उदगीरच्या रस्त्यानं गेलीस, आमच्या वाडीचा फाटा डाव्या हाताला टाकून गेलीस, आणि आत वळली नाहीस. का तर म्हणे, सगळ्यांना वेळेत पोचायचं होतं. तेही एक वेळ सोडलं. पण शेवटी जे लिहिलंस ना, "वाटेत एका घरचे लोक पाणी घेऊन आले होते, आम्ही घेतलं नाही, आमच्या बाटल्या भरलेल्या होत्या," ते वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. तेव्हा फोन चालूच होता, तुझा बाप पलीकडून विचारतोय, आत्या, फोन कट झाला का. कट नव्हता झाला. मीच फोन मांडीवर टाकून बसले होते.

तुझी काही चूक नाही, पोरी. असलीच चूक मी केलेली आहे, आणि तुझ्यापेक्षा लई मोठी केलेली आहे. म्हणून लिहायला बसले.

तर ऐक. जिल्हा नवा झाला होता. उदगीर, देवणी, निलंगा ही सगळी बाजू लातूरच्या नावावर गेली, लोक कागदावर जुन्या जिल्ह्याचं नाव लिहायचे आणि खोडून नवं लिहायचे. आमचं नायगाव नांदेडातच राहिलं. आणि पाऊस म्हणशील तर त्या सालीही नव्हता, त्याच्या आदल्या सालीही नावालाच होता. विहिरीत तळाला डबकं, त्यात वाटीनं पाणी भरायचं, तेही नंबर लावून.

मी तेव्हा माहेरी होते. लग्न झालं होतं, मोडलं होतं. त्याचं सांगण्यासारखं काही नाही. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं मी दुकानातून आलेल्या पुड्यांच्या कागदांवर वाचून शिकले. साखरेची पुडी आली की साखर डब्यात आणि कागद माझ्याकडं. असं करत बाहेरून सातवीची परीक्षा दिली आणि पास झाले. माझा भाऊ, म्हणजे तुझे आजोबा, वाईट माणूस नव्हता. उलट माझी काळजी करून करून त्याची झोप उडाली होती. त्यानं एक स्थळ बघून ठेवलं. बिजवर, वसमतकडचा, तीन लेकरं. मला म्हणाला, "अक्का, मी जबरदस्ती न्हाई करणार. तुला तुझ्या पायावर राहता आलं तर रहा, मीच खांद्यावर बसवून गावात मिरवीन. पण वैशाखी पौर्णिमेपर्यंत बघतो. नंतर मात्र परिणय लावून देतो." मी हाव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आणि नेमकी त्याच दिवसांत नव्या जिल्ह्यातून खबर आली. उदगीरच्या बाजूला डोंगरातल्या वाड्यांवर बालवाड्या उघडायच्या होत्या. बाई सातवी पास पाहिजे. पण तिनं एक नाही, रोज दोन-तीन वाड्या करायच्या. एस.टी. त्या बाजूला जात नव्हती, म्हणजे सायकल आली पाहिजे. सातवी पास बाई सापडणं आधीच मुश्किल, त्यात सायकलवाली कुठून आणायची? आमच्याकडं एका संस्थेच्या बाई होत्या, पन्नाशीच्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या उदगीरला जाऊन बालवाड्यांच्या साहेबांना म्हणाल्या, "आमच्याकडं आहेत." खरं तर तेव्हा एकही नव्हती. परत येऊन आम्हाला म्हणाल्या, "चला ग, शिकून घ्या."

कुठं शिकलो म्हणशील तर तळ्यात. हसू नकोस. नायगावचं तळं कोरडं ठणठणीत पडलं होतं, तळाची माती भेगाळलेली. दुष्काळानं दुसरं काही दिलं नाही पण एवढं मैदान दिलं. बाजारात एक चाचा होते, सायकली भाड्यानं द्यायचे. पांढरी दाढी, हाताला कायम ग्रीस. ते पहाटे तळ्यात यायचे, सीटला मागून धरायचे आणि ओरडायचे, "नीचे नक्को देख बेटी! चाक कू मालूम है कां जाना, तू सामने देख!" आणि मग कधी हात सोडायचे ते आपल्याला कळायचं नाही. मी तर पडायची तेव्हाच कळायचं. चाचांची धाकटी लेक आमच्याबरोबर होती. ती सात वर्षांची असल्यापासून पंक्चर काढायची. आमच्यात सगळ्यात पक्की सायकलवाली तीच.

साहेबांची अट अशी होती. चैत्रात एक दौरा करायचा, नायगाव, मुखेड, जळकोट, उदगीर, पुढं देवणी, शेवटी लातूर. सगळ्या बायांनी सायकलवरच. एकही जण टेम्पोत, ट्रकमध्ये, बैलगाडीत बसली तर सगळ्यांचं रद्द. "एक चढ आला की गाडी मागतील," असं ते बाईंना हसत म्हणाले होते. दौऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते स्वतः उदगीरच्या रेस्टहाउसवर थांबणार होते, चार वाजेपर्यंत. चारच्या आत साती जणी समोर उभ्या राहिल्या तर तिथंच सही करतो म्हणाले.

सात जणी म्हणजे कोण, ते सांगते. एक संस्थेच्या बाई. एक चाचांची लेक. एक देवणीची होती, नायगावला दिलेली, धिप्पाड, बोलायला लागली की थांबायची नाही. तिला आम्ही देवणीवालीच म्हणायचो. एक मी. आणि उरलेल्या तिघी आसपासच्या खेड्यांतल्या लाजऱ्या पोरी, त्या चार दिवसांत दहा शब्द बोलल्या असतील तर शपथ. सायकली चाचांच्या, दांडीच्या, गड्यांच्या. म्हणून आम्ही आयांची जुनी लुगडी काष्टा मारून नेसलो. चाचांच्या लेकीनं सलवार घातली होती. देवणीवाली तिला म्हणाली, "तुझं बरं हाय बाई, आम्ही तर तमाशातल्यावानी दिसून राहिलो." बाईंनी घंटी वाजवली आणि निघालो.

आता माझी चूक ऐक.

निघायच्या आदल्या दिवशी पाण्याचा विषय निघाला. आपली रीत काय आहे? पाहुणा दारात आला की गूळ आणि पाणी. बाकी सगळं नंतर. पण ज्या घरात हंडा दोन कोसांवरून येतो तिथं सात जणींनी जाऊन उभं राहायचं, आणि त्या बाईनं रीत म्हणून आमच्यापुढं हंडा रिकामा करायचा? मला ते बरं वाटेना. मीच म्हणाले, "बाई, आपण नियम करू. वाटेतल्या कुठल्याच वाडीवस्तीचं पाणी प्यायचं नाही. आपलं आपण न्यायचं." सगळ्यांना पटलं. चाचांनी सात छागली आणून दिल्या. छागल म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी ग, ट्रकवाले पुढं टांगतात ती. वाऱ्यानं पाणी गार राहतं. आम्ही त्या हँडलला टांगल्या. बाई म्हणाल्या, "छान विचार केलास हो." मला लई अभिमान वाटला. आता आठवलं की तोच अभिमान टोचतो.

पहिला दिवस मुखेडपर्यंत निभावला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघालो. जळकोट येईपर्यंत ऊन चांगलंच चढलं. पुढं बालाघाटाची रांग. तिथले डोंगर काही आभाळाला लागलेले नाहीत, तू म्हणशील एवढे तर पुण्याजवळ टेकाड असतात. पण एक चढ संपला की खाली उतार, उताराच्या पायथ्याला कोरडा ओढा, ओढ्यापलीकडं लगेच दुसरा चढ. रस्ता खडीचा. पळसाची फुलं गळून गेलेली, बाभळीची सावली चाळणीसारखी. सायकलच्या दांडीला हात लागला तर भाजायचा. गिअर बिअर काही नाही. पायात आहे तेवढाच जोर. मधेच देवणीवाली ओरडायची, "आमच्या देवणीच्या बैलालाबी एवढं न्हाई राबवत कुणी! बैल बसला की मालक कळून घेतोय!" चाचांची लेक पुढून म्हणायची, "बैठी तो सब का रद्द होता, खाला. चलो." आणि खाला, म्हणजे मावशी, चालायची.

अकराच्या सुमाराला एका मोठ्या चढाच्या पायथ्याशी वाडी लागली. रस्त्याच्या कडेला चिंच, चिंचेखाली सावली. आम्ही सायकली टेकवल्या आणि धपाटी सोडली. समोरच, वाडीपासून जरा बाजूला, सात-आठ घरं. एका दाराची चौकट निळी. मी बघितली ती. बघितली, आणि मनात म्हणालेही, आपलीच माणसं.

त्या घरातून एक म्हातारी आली. पातळ, काळीसावळी, कपाळ मोकळं. हातात तांब्या, तांब्यावर वाटी, वाटीत गुळाचा खडा. चिंचेजवळ एक सपाट दगड होता. तिनं तांब्या दगडावर ठेवला आणि दोन पावलं मागं सरून उभी राहिली. म्हणाली, "पाणी घ्या माय. उन्हातनं आलात."

मी हात जोडले. गोड हसून म्हणाले, "नको आज्जी. आमच्याजवळ आमचं पाणी आहे."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. तिला खात्री पटावी म्हणून मी छागल काढली, तोंडाला लावली आणि तिच्यासमोर घटाघटा प्यायले.

म्हातारी पुढं झाली. मग वाकून तांब्या उचलला, पदरानं त्याचं बूड पुसलं, जसं काही त्याला काही लागलंय. "बरं. तुमचं तुमच्याजवळ," म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, चला, म्हातारीचं पाणी वाचलं.

आम्ही चढाला लागलो. तो घाट तू परवा चढलीस ना, तोच. आता डांबरी आहे, वाडी बाजूला टाकून जातो आणि मधला एक मोड कापून सरळ केलाय. तेव्हा तीन मोड होते. पहिल्या मोडापर्यंत पायडल मारलं, मग उतरून ढकलायला लागलो. बोलायलाही दम नव्हता. आणि असं ढकलताना डोकं रिकामं होतं बघ, नको ते आत शिरतं. माझ्या डोळ्यांसमोर तो दगड यायला लागला. तिनं तांब्या हातात का नाही दिला? दगडावर का ठेवला? दोन पावलं मागं का सरली?

माझी आजी असंच करायची ग. मी लहान असताना तिच्याबरोबर गावात सरपणाच्या मोळ्या घेऊन जायची. मोळी ओट्याखाली टाकायची आणि दोन पावलं मागं. नाणं वरून पडायचं, ते उचलायचं. नंतर आम्ही धम्म घेतला, घरातल्या भिंतीवरचे फोटो बदलले, पण आजीची ती दोन पावलं शेवटपर्यंत गेली नाहीत. दवाखान्यातसुद्धा डॉक्टरपुढं ती मागं सरायची.

आणि मी त्या म्हातारीला काय दाखवलं होतं? सात अनोळखी बाया, निळी चौकट बघितली, तिचं पाणी नको म्हणाल्या आणि तिच्या डोळ्यांदेखत स्वतःचं प्याल्या. तिनं काय समजायचं? बाकीच्यांचं सोड. मी! माझं बिनकुंकवाचं कपाळ तरी तिला काय सांगणार होतं, मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला होता उन्हासाठी.

तिसऱ्या मोडावर पोचलो आणि मी सायकल आडवी टाकली. माथा समोर दिसत होता. बाईंनी घड्याळ बघितलं, दीड झाला होता. उदगीर अजून लांब, पण पुढं बराच उतार. "चारच्या आत पोचतो आपण," त्या म्हणाल्या. "ऊठ."

मी म्हणाले, "मी खाली जाते. तुम्ही व्हा पुढं."

"खाली? का?"

मी सांगितलं. नीट सांगता आलं का आठवत नाही. पण बाईंना कळलं. त्या रस्त्याकडेच्या एका धोंड्यावर बसल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "एकटी गेलीस तर आम्ही सहाच पोचू. साती जणी पाहिजेत. आणि सगळ्या गेलो तर चारला पोचत नाही. तुझा भाऊ पौर्णिमेची वाट बघतोय ना?"

"हाव."

"मग तूच सांग. नियम तूच केला होतास."

आत्ता, एवढ्या वर्षांनी, मी मोठ्या तोंडानं म्हणेन की मी लगेच ठरवलं. खोटं होईल ते. मी वर माथ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं, आणि वसमतच्या त्या घराचा, न बघितलेल्या तीन लेकरांचा विचार केला. उद्या परत येऊन माफी मागता येईल, असाही विचार केला. उद्या कुठलं येते मी.

तेवढ्यात चाचांच्या लेकीनं काय करावं? सायकल वळवली, टांग मारली, आणि म्हणाली, "अब्बा कू मालूम हुआ ना किसी बुढ्ढी का पानी लौटा के आए, तो घर में लेंगे नै मेरेकू. मैं चली."

देवणीवालीनं कपाळावर हात मारला. "अगं बया! दोन तास ढकलत आलो ते काय हवा खायला?" पण वळवली तिनंही. "चला, उताराला काय, बूड टेकवून बसायचं हाय."

आणि साती जणी उलट्या उतरलो. ब्रेक इतके तापले की रबराचा वास यायला लागला.

म्हातारी दारातच होती, वाकळ शिवत. मी सायकल टाकली आणि तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. दोन पावलं लांब नाही. उंबऱ्याला पाय लावून. म्हणाले, "आज्जी, पाणी द्या."

तिनं सुई वाकळीत खोचली. "मघाशी होतं की तुमच्याजवळ. संपलं?"

"न्हाई. हाय अजून."

"मग?"

"तुमच्या घरचं पाहिजे." मग मी पदर मागं सारला आणि म्हणाले, "जय भीम, आज्जी."

तिनं माझं मोकळं कपाळ बघितलं, आणि मग जी सुटली! "आगं भवाने! आपलीच लेक हाईस व्हय! आपली असून माझ्या दारात आपलं वेगळं पाणी पितीस? मी हितं मघाधरनं सुई टोचून घेऊन राहिले बोटाला, कोन बाया होत्या म्हनून!" मी सगळं सांगितलं, दुष्काळ, नियम, दोन कोसांवरचा हंडा. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हंडा माझ्या डोक्यावर आलाय. तो कुनाला पाजायचा ते माझं मी बघीन. तू कोन ठरवनार?"

मी दोन्ही कान धरले.

मग तिनं एकेकीला समोर बसवलं. यावेळी तांब्या दगडावर नाही ठेवला. हातात दिला. आधी गूळ, मग पाणी, अशा साती जणी. बाई प्याल्या. त्या तिघी लाजऱ्या प्याल्या. देवणीवालीची पाळी आली तेव्हा मी जरा तिच्याकडं बघितलं, कारण तिच्या सासरी हे कळलं असतं तर तिला तुळशीपाशी बसवून काय काय शिंपडलं असतं. तिनं तांब्या तोंडाला लावला, तळ दिसेपर्यंत रिकामा केला आणि तोंड पुसत म्हणाली, "मी देवणीची, आज्जी. आमच्याकडची गाय पाणी कुनाचं हाय ते विचारत न्हाई." म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग तिलाच पाणी द्यावं लागलं. तेव्हा मी हळूच छागल पुढं केली, म्हणाले, आज्जी, आमचं थोडं रांजणात ओतू का? तिनं डोळे वटारले. मी छागल गपचूप मागं घेतली.

वेळ तर गेलाच होता. अडीच वाजून गेले. म्हातारीनं विचारलं, एवढी घाई कशाची. बाईंनी जागांचं सांगितलं. म्हातारी उठून वस्तीकडं तोंड करून हाळी द्यायला लागली. सात-आठ बाया बाहेर आल्या, नुकत्याच पाणी भरून आलेल्या, डोक्यावर चुंबळी तशाच. म्हातारी म्हणाली, "या पोरींच्या सायकली वर पोचवा ग. हिला आपल्या लेकरांना शिकवायला यायचं हाय." मला अजून जागा मिळालेली नव्हती. पण तिनं ठरवून टाकलं.

आणि पोरी, तो घाट आम्ही दुसऱ्यांदा असा चढलो. एका सायकलला दोन बाया. एक हँडल धरायची, दुसरी मागून कॅरिअरला रेटायची. वस्तीच्या बाया अनवाणी, त्या खडीवर. पायाला काही टोचतंय असं एकीनंही दाखवलं नाही. उलट आम्हालाच हसत होत्या, काष्टे बघून. माझ्या सायकलला मागून रेटणारी म्हणाली, "बाई, हे यंत्र नेमकं कुनाला घेऊन जायला असतंय? तुम्हीच त्याला घेऊन निघालात." देवणीवाली म्हणाली, टेम्पोत बसायचं नव्हतं ना, हा काही टेम्पो नव्हे. अटीत आयाबायांचा उल्लेख नव्हता. ऊन तेवढंच होतं, चढ तेवढाच. पण मघाशी दोन तास लागले होते तो घाट तासाभरात झाला. माथ्यावर पोचल्यावर त्या बायांनी चुंबळी झटकल्या आणि निघाल्या, संध्याकाळच्या खेपेची वेळ झाली होती त्यांची.

उदगीरला पोचलो तेव्हा किल्ल्याच्या बुरुजावर ऊन पिवळं पडलं होतं. रेस्टहाउसचा चौकीदार म्हणाला, साहेब साडेचारला गेले. जीप लातूरकडं गेली. मी मोंढ्याच्या बाजारात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. रडले नाही. खोटं सांगत नाही, पाय इतके दुखत होते की रडायला सुचलंच नाही. चाचांची लेक शेजारी बसून माझ्या सायकलची चेन साफ करत राहिली.

पुढं देवणी केली, निलंग्याकडून लातूर केलं. लातुरात नव्या कचेरीला ताजा चुना दिलेला होता, भिंतीला हात लावला की पांढरा. साहेब भेटले. म्हणाले, "चार वाजता म्हटलं होतं." बाई म्हणाल्या, "उशीर झाला. का झाला ते ऐकून घ्या, मग रद्द करा." आणि त्यांनी सांगितलं, एक शब्द वाढवला नाही की कमी केला नाही. साहेब पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. म्हणाले, "बघतो." आपल्याकडं बघतो म्हणजे काय ते तुला माहीत आहे. आम्ही परत आलो. भावानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वहिनी पौर्णिमेच्या तयारीला लागली. मीही तिला गहू निवडू लागले.

पौर्णिमेला नऊ दिवस उरले असताना बाई सायकलवरून आल्या. एकट्या, भर उन्हात, घंटी वाजवत. त्या म्हातारीनं वस्तीच्या आणि वाडीच्या दोन्हीकडच्या माणसांचे अंगठे एका कागदावर घेतले होते आणि तो कागद पदरात बांधून ती पायी उदगीरला गेली होती. साहेब दौऱ्यावर आले तेव्हा त्यांच्या जीपपुढं उभी राहिली. कागदात लिहिलेलं काही नव्हतं, लिहिणारं कोणी असतं तर बाई कशाला मागितली असती? नुसते अंगठे. तोंडानं तिनं सांगितलं, "आमच्या वाडीला बालवाडी द्या. बाई मात्र जी माघारी आली ती." बाईंच्या हातात माझा हुकूम होता. चाचांची लेक सोडून बाकी चौघींचेही होते. तिला नको होता, तिला दुकानच चालवायचं होतं, आणि तिनं ते चालवलं.

भाऊ बोलला तसा वागला. खांद्यावर नाही बसवलं, पण माझी ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेऊन तो वाडीपर्यंत आला. म्हातारीनं त्याला गूळपाणी दिलं. वसमतच्या त्या गृहस्थालाही पुढं चांगली बायको मिळाली, ऐकून बरं वाटलं.

तेव्हापासून मी इथंच आहे. म्हातारी गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली. तिची सून आता माझ्यासारखीच म्हातारी आहे, आम्ही दोघी दारात बसून सगळ्यांना नावं ठेवतो. माझ्याकडं शिकलेली एक पोर जळकोटला नर्स आहे, एक जण उदगीरला शिक्षक. नळ आलाय, चार दिवसांतून एकदा येतो. चिंचही आहे आणि तो दगडही आहे. मी त्याच्यावर आता मिरच्या वाळत घालते.

बस. सांगून झालं. तुझ्या त्या वीस पोरापोरींना घेऊन ये. उन्हाळ्यातच ये, घाट चांगला तापलेला असतो. फाट्यावरून आत वळ, निळी चौकट दिसेल. आणि बाटल्या रिकाम्या घेऊन या. लवकर ये ग, वाट बघून राहिलेय.